अवकाशातील भोक : संपर्क हेच कलाद्रव्य

भाषेची कार्ये अभ्यासताना 'जेवलात का?' या प्रश्नाचा आपण विचार केला होता. विचारणाऱ्याला जेवणाची माहिती नको असते. धागा जुळलेला आहे, एवढेच जाणवून द्यायचे असते. मॅलिनोव्हस्कीने १९२३ मध्ये अशा बोलण्याकडे लक्ष वेधले आणि १९६० मध्ये याकबसनने त्यास भाषेच्या सहा कार्यांत स्थान दिले. हे संपर्ककार्य एखाद्या कलाकृतीचे द्रव्य होऊ शकते का, ते आता पाहू.

नोव्हेंबर १९८० मध्ये किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या अमेरिकी कलावंतांनी 'होल इन स्पेस', म्हणजे 'अवकाशातील भोक', ही रचना उभारली. न्यूयॉर्कचे लिंकन सेंटर आणि लॉस एंजेलिसमधील एक मोठे दुकान येथे पडदे लावून ते उपग्रहाद्वारे जोडले गेले. तीन संध्याकाळी, सुमारे दोन-दोन तास. पलीकडची माणसे पूर्णाकृती दिसत, त्यांचा आवाज ऐकू येई. पूर्वप्रसिद्धी नव्हती, खुलासा करणारा फलक नव्हता, कलावंतांची नावेही नव्हती. वाटसरू थबके आणि विचारी : तुम्ही कुठे आहात? प्रश्न साधा खरा, पण भाषाभ्यासकाने येथे थांबावे. 'इथे' या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो, आणि येथे समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांचे 'इथे' खंडाच्या दोन टोकांना होते.

पहिल्या संध्याकाळी नवल. दुसऱ्या संध्याकाळी कर्णोपकर्णी जमलेली गर्दी. तिसऱ्या संध्याकाळी आप्त ठरवून आले. त्यांतील काहींनी कित्येक वर्षांत एकमेकांना पाहिले नव्हते. पडदे लागले म्हणून कृती पूर्ण झाली नव्हती. कोणी थांबलेच नसते, तर पाहण्याजोगे तेथे काहीच उरले नसते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक उणीव, जी हेतुपुरस्सर ठेवली होती. स्वतःची प्रतिमा पाहण्याची सोय तेथे नव्हती. समोर फक्त दुसरा माणूस. आजच्या व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात आपला चेहरा असतो आणि नजर वारंवार तिकडेच वळते, हे आपण अनुभवतोच. तरीही 'माझा आवाज येतोय ना?' असे विचारल्यावाचून मला दूरस्थ तासिका सुरू करता येत नाही. 'हो सर' ऐकू येईपर्यंत पुढचे वाक्य सुचत नाही.

स्वाध्याय : घरच्या एखाद्या व्हिडिओ कॉलमधील पहिली दहा वाक्ये, संबंधितांच्या संमतीने, लिहून काढा. त्यांतील माहिती देणारी किती आणि केवळ संपर्क राखणारी किती, ते सकारण नोंदवा.