फाईल एकटीचीच का?

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एका लेकीचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला एकेक बाई पुढे होत होती. शेजारची सून ताट घेऊन उठली, तशा एक काकू हळूच म्हणाल्या, "तू राहू दे गं, बस जरा." लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, एवढाच तिचा गुन्हा! बिचारी स्वयंपाकघरात गेली ती शेवटपर्यंत बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे जाडजूड फाईल घेऊन आली. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे. शिवाय दोन नवस आणि कुणा बाबांचा अंगारा. मी विचारलं, "आणि नवऱ्याची तपासणी?" ती खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हणतात, आमच्या मुलात काही खोट नाही."

मैत्रिणींनो, इथेच आपलं चुकतं. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही ना काही कारण असतं. वीर्याची तपासणी सोपी, स्वस्त आणि बिनदुखण्याची. तरी ती सगळ्यात शेवटी, कधी कधी होतच नाही.

बाईच्या बाजूची कारणंही समजून घ्यायला हवीत. पीसीओडीमुळे स्त्रीबीज वेळेवर बाहेर पडत नाही, थायरॉईड बिघडलं तरी पाळीचं गणित चुकतं. कुणाच्या गर्भनलिका बंद असतात. आपल्याकडे त्यामागे गर्भाशयाचा क्षयरोगही असू शकतो, आणि खोकला नसतानाही तो असतो. पाळीत असह्य दुखत असेल तर 'बाईच्या जातीला सोसावंच लागतं' म्हणून गप्प बसू नका, एंडोमेट्रिओसिस असू शकतो.

दिवसांचा हिशेबही पुष्कळ जणींना ठाऊक नसतो. पाळी आली तो पहिला दिवस धरायचा, संपली तो नव्हे. पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी बीज सुटतं. म्हणजे 28 दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, 35 दिवसांची असेल तर एकविसाव्या. बीज जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्याआधीच्या पाच-सहा दिवसांत एक दिवसाआड संबंध आले तर शक्यता वाढते.

वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी पीसीओडीत पाळी सुधारू शकते. मिश्री, तंबाखू, सिगारेट दोघांनीही सोडावी. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा आज सोडलं नि उद्या गुण आला असं होत नाही. डॉक्टरांना विचारून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आधीपासूनच सुरू करावं. बाळाच्या मज्जारज्जूच्या दृष्टीने ते फार मोलाचं आहे.

आणि वेळ दवडू नका. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टर गाठावा. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच, कारण त्यानंतर बीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने घसरते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1986 मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. उपाय आहेत. पण थेट तिकडे धावण्याआधी कारण शोधायला हवं. आणि तशी वेळ आलीच, तर 2021 च्या कायद्यानुसार नोंदणी झालेलं केंद्र आहे ना, हे आधी विचारून घ्यावं.

असो. त्या सुनेच्या सासूबाईंशी मी दोन-तीनदा बोलले. आधी रागावल्या, मग मुलाला म्हणाल्या, "जाऊन तर ये." तपासणीत शुक्राणू कमी निघाले. त्याने तंबाखू सोडली, उपचार चालू आहेत. गोड बातमी अजून नाही. पण दवाखान्यात आता दोघं जातात आणि फाईल त्याच्या हातात असते.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं वाण मी तिला दिलं. काकू बघत होत्या. बोलल्या मात्र काही नाहीत.