कोकणातील परसबाग आणि जीवदया

व्यापारानिमित्त कोकणात स्थिरावलेल्या अनेक जैन कुटुंबांच्या घरामागे थोडी मोकळी जागा असते. तेथे भाजी लावावीशी वाटते, पण मन एका विचाराशी अडते. कीटकनाशक फवारावे तर जीवहत्या, न फवारावे तर फळात अळ्या! वेळीच घेतलेल्या काळजीत या पेचाचे बरेचसे उत्तर आहे.

कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात येतो. पावसाळ्यात जमिनीत असंख्य जीव उपजतात. म्हणून खोदकाम वैशाखातच उरकावे, कुजलेले शेणखत मिसळावे आणि फूटभर उंचीचे वरंबे करून ठेवावेत. पाणी साचले तर मुळे कुजतात. पपई तर अशा जागी तग धरत नाही.

मृगाच्या सरींबरोबर पडवळ, दोडका, कारले व दुधी यांच्या बिया टोकाव्यात आणि वेल मांडवावर चढवावेत. फळे अधांतरी लोंबल्याने मातीला टेकून सडत नाहीत. वेलांत अंतर राखल्यास वारा खेळतो, पाने लवकर सुकतात आणि केवडा, भुरी यांसारखे रोग कमी होतात. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या घरांना याच फळभाज्यांचा आधार असतो.

वेलभाज्यांचा मोठा शत्रू म्हणजे फळमाशी. मादी कोवळ्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. पुढे अळ्या गर खातात आणि फळ वाकडे होऊन सडते. त्यानंतर कोणताही उपाय हिंसेवाचून होत नाही. म्हणून फळ धरून फूल सुकताच त्यावर बारीक जाळीची सैल पिशवी बांधावी. माशीही जगते, फळही वाचते.

सांडपाण्याच्या वाटेवर केळ लावावी. वर्षभरात घड मिळतो, आणि बटाटा वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरात कच्च्या केळ्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शेती पूर्णतः हिंसामुक्त होत नाही. गृहस्थाच्या जीवनातील आरंभी हिंसा शास्त्रानेही ओळखली आहे. परंतु यत्नाचाराने ती कमी करता येते. रोज सकाळी मांडवाखाली पाच मिनिटे उभे राहून प्रत्येक कोवळे फळ निरखणे, हाही त्या यत्नाचाराचाच भाग होय.