वीज आणि आपण, भाग 9 : लॅबमधलं बटण कोणी बंद करायचं?

नर्मदेचं पाणी जलूदला उचलून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या इंदूरला आणायला किती वीज लागते, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. तो भार हलका व्हावा म्हणून महापालिकेने 2023 साली हरित रोखे काढून 244 कोटी रुपये उभे केले आणि जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. हे काम मोठं आहे, आणि ते मोठ्या पैशानेच होतं. आजचं काम मात्र जवळजवळ बिनपैशाचं आहे. ते प्रयोगशाळांमध्ये पडून आहे.

इंदुरात प्रयोगशाळांना तोटा नाही. होळकर विज्ञान महाविद्यालय 1891 चं, एसजीएसआयटीएस 1952 चं. एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय आहे, सिमरोलची आयआयटी आहे, पिथमपूरच्या औषध कारखान्यांमधल्या तपासणीच्या लॅब आहेत आणि पॅथॉलॉजी तर चौकाचौकांत. राजा रामण्णा केंद्रातलं इंडस-2 हे इलेक्ट्रॉनांना 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेणारं यंत्र अहोरात्र चालतं. तिथे विजेची बचत अभियंत्यांच्या हातात असते, सवयींच्या नव्हे. आपण बोलू ते टेबलावरच्या आणि कोपऱ्यातल्या यंत्रांबद्दल.

हॉट एअर ओव्हन घ्या. संध्याकाळी धुतलेले बीकर आणि फ्लास्क आत जातात, तापमान 110 अंशांवर लावलं जातं, दार लागतं आणि सगळे घरी जातात. काच तास-दीड तासात कोरडी होते. पुढे सकाळपर्यंत ओव्हन कोरडी काच तापवत राहतो आणि खोलीत एसी चालू असेल तर तो ओव्हनची उष्णता बाहेर फेकत राहतो. एकाच उष्णतेसाठी वीज दोनदा जाते. वॉटर बाथचंही तसंच आहे. झाकण नसलं की पाण्याची वाफ होत राहते, हीटर थांबायचं नाव घेत नाही. झाकण बहुतेक वेळा खालच्याच कपाटात असतं.

मग कोणी बंद का करत नाही? आळस हे त्याचं उत्तर नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला पंखा कोणासाठी चालू आहे ते आपल्याला माहीत असतं. लॅबमध्ये एक ओव्हन सहा जण वापरतात. “कोणाचं सॅम्पल असलं तर?” या एका प्रश्नापाशी हात थांबतो. ही भीती खोटी नाही. औषधाची मुदत ठरवण्यासाठी गोळ्या ज्या स्टॅबिलिटी चेंबरमध्ये ठेवतात, तिथे ठरलेलं तापमान आणि आर्द्रता महिनोन्‌महिने सांभाळावी लागते. तो चेंबर चुकून बंद झाला तर दोन वर्षांचं काम पाण्यात जाऊ शकतं. इन्क्युबेटरमध्ये जिवाणूंची वाढ चालू असते. म्हणून भिंतीवर “वीज वाचवा” एवढंच लिहून काही साधत नाही. कोणतं यंत्र बंद करायचं नाही आणि कोणतं काम झाल्यावर कोणीही बंद करावं, हे यंत्रावरच लिहिलेलं हवं. लाल पट्टी आणि हिरवी पट्टी एवढी व्यवस्था पुरते. ज्याला हिरव्या पट्टीचं यंत्र रात्रभर हवं असेल, त्याने नाव आणि वेळ लिहून चिठ्ठी लावावी. चिठ्ठी नसेल तर यंत्र बंद.

सगळ्यात मोठी बचत लाल पट्टीच्याच एका यंत्रात आहे : उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर. जुना फ्रीझर दिवसाला 20 युनिटच्या आसपास वीज खातो, म्हणजे महिन्याला 600. मध्य प्रदेशात गृहज्योती योजनेची सवलत महिन्याला 150 युनिटपर्यंतच्या घरांना मिळते, म्हणजे अशा चार घरांची वीज एका कपाटात जाते. तोच फ्रीझर उणे 70 वर ठेवला तर वीज साधारण 30 टक्क्यांनी कमी लागते. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसने उणे 70 ला सुरक्षित राहणाऱ्या नमुन्यांची यादीच ठेवली आहे. डीएनए आणि बरीच प्रथिनं तिथे टिकतात. काही नमुन्यांना उणे 80 च लागतं, म्हणून आधी ज्याचा नमुना त्याला विचारावं. त्याशिवाय दारावर कोणत्या खणात काय आहे याचा नकाशा चिकटवावा, म्हणजे दार उघडं ठेवून शोधाशोध होत नाही. आतला बर्फ खरवडावा. मे महिन्यात मालव्यातली धूळ फिल्टरवर बसली की कॉम्प्रेसरला दम खायला मिळत नाही, तेव्हा फिल्टर धुवावा.

रसायनाच्या लॅबमध्ये फ्यूम हूडचा, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, हिशोब करून बघा. समोरची फट सव्वा मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच असेल आणि हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत ओढली जात असेल, तर तासाला हजार घनमीटरहून जास्त हवा छतावरून बाहेर जाते. मध्यम आकाराच्या खोलीतली हवा तासात पंधरा-सोळा वेळा बदलण्याएवढी ती होते आणि त्यातली बरीच एसीने थंड केलेली असते. समोरची सरकती काच खाली ओढली की हवेचा ओघ आपोआप कमी करणारे हूड आहेत. साध्या हूडचा ब्लोअर मात्र काच खाली असली तरी तेवढाच चालतो. तिथे काच सुरक्षेसाठी खाली घ्यायचीच, पण वीज वाचते ती काम संपून आतली रसायनं उचलल्यावर ब्लोअर बंद केला तर.

सवय बदलत नाही असं इंदूरकराने तरी म्हणू नये. 2017 पासून स्वच्छतेत हे शहर पहिलं येत गेलं. ओला-सुका कचरा वेगळा करणं घराघरांत रुजलं, कारण गाडी रोज दाराशी येत होती आणि कचरा मिसळलेला दिसला की सफाईमित्र दारातच टोकत होते. त्यांना तो अधिकार होता.

लॅबमध्ये असा अधिकार कोणाकडे नसतो. संध्याकाळी कुलूप लावतो तो लॅब अटेंडंट. सगळी यंत्रं शेवटची पाहतो तोच, पण हात लावायची मुभा त्याला नसते. विभागप्रमुखांनी ती लेखी द्यावी आणि हिरव्या पट्टीची यादी त्याच्या हातात ठेवावी. वीजबिल संस्थेच्या कार्यालयात जातं, लॅबला ते कधी दिसत नाही. म्हणून फ्रीझर आणि ओव्हनच्या प्लगमध्ये साधा वॉटमीटर लावून रोजचा आकडा फळ्यावर लिहायला सांगावं. किंमत फार नसते, विभागाच्या किरकोळ खर्चात तो येतो. पहिला आठवडा काहीही न बदलता नुसते आकडे लिहावेत. पट्ट्या दुसऱ्या आठवड्यात लावाव्यात.