ठिणगी कशी पडते?

संपादकताईंनी “मुलांना कळेल असे काहीतरी तांत्रिक, पण मराठीत लिहा” अशी फर्माईश केली आणि आम्ही हो म्हणून बसलो. दिवसभर संगणकाशी इंग्रजीत व्यवहार करणाऱ्या माणसाला हे जरा जडच जाते. तेव्हा गेले सहा महिने आमच्या गॅरेजमध्ये मोटारीची जागा अडवून बसलेल्या फटफटीबद्दलच लिहितो.

फटफटी म्हणजे जावा २५०. ही कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियातली, १९२९ सालची. तिच्याच परवान्यावर १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. १९७३ पासून त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. न्यूझीलंडलाही जावा परकी नाही. सहा वेळा स्पीडवेचा जगज्जेता झालेला ख्राइस्टचर्चचा आयव्हन मॉगर जावावर शर्यती करायचा, अर्थात त्या शर्यतीच्या गाड्या वेगळ्या. आमची जावा वायकाटोतल्या एका शेतावरच्या शेडमध्ये, कोंबड्यांच्या संगतीत सापडली.

ती आम्ही घेतली त्याला कारण आहे. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सांगलीला असताना पंचवीसेक वर्षे जावा चालवली आणि आमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी ती विकली. आबा यंदा मे महिन्यात इथे आले. त्यांचे परतीचे तिकीट होते ऑगस्टचे. तोवर गाडी सुरू व्हायला हवी होती. आणि गाडी तर दहा मिनिटे चालायची, गरम झाली की फटफट करून बंद पडायची, तासाभराने पुन्हा सुरू!

मुलांनो, आता इंजिनात ठिणगी कशी पडते ते पाहू. आपल्याला वाटते, दोन तारा जोडल्या की ठिणगी पडते. इथे उलटे आहे. बॅटरी फक्त ६ व्होल्टची. तिची वीज कॉइलमधल्या जाड तारेच्या वेढ्यांतून आणि मग ‘पॉइंट’ नावाच्या दोन छोट्या, एकमेकींना टेकलेल्या टिकल्यांतून जाते. वीज वाहत असते तेव्हा कॉइलचा लोहचुंबक होतो. इंजिनाच्या दांड्याबरोबर एक उंचवटा फिरत असतो. तो दर फेऱ्याला पॉइंट उघडतो, वीज एकदम तुटते आणि चुंबकत्व कोसळते. कॉइलमध्ये बारीक तारेचे हजारो वेढेही असतात. या कोसळण्याने त्यांत दहा हजारांहून अधिक व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. घरातला नळ झटकन बंद केला की भिंतीतला पाइप दणकतो ना, तसेच काहीसे. नळ हळूहळू बंद केला तर दणका नाही. म्हणजे सगळी गंमत ‘झटकन’मध्ये आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्या. पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर, आणि ठिणगी पडायची ती पिस्टन अगदी वर पोहोचण्याआधी साधारण ३ मिलिमीटर असताना, कारण पेट्रोलला पेटायलाही वेळ लागतो. सेकंदाचा साधारण हजारावा भाग, पण लागतो.

आता वाहती वीज सुखासुखी थांबत नाही. पॉइंट उघडताना ती त्या फटीवरून उडी मारायला बघते. तसे झाले तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटमध्येच पडते, तोडणे सावकाश होते आणि टिकल्या जळतात. म्हणून पॉइंटच्या शेजारी कंडेन्सर बसवतात. दार लागेपर्यंत धावत येणारी गर्दी बाजूच्या ओसरीवर घ्यावी, तसे तो त्या विजेला क्षणभर जागा देतो. अंगठ्याएवढी डबी, किमतीने सगळ्यांत स्वस्त.

आमच्या चुका सांगतो, कारण पालकांना त्याच उपयोगी पडतील. पहिल्याच शनिवारी आम्ही प्लग, कॉइल आणि कंडेन्सर असे तीनही भाग एकदम बदलले. नोकरीत एखाद्या नवशिक्याने एकाच वेळी तीन ठिकाणी प्रोग्रॅम बदलला तर आम्ही त्याला चार शब्द सुनावतो! गाडी तशीच बंद पडत राहिली आणि आता कशावर संशय घ्यावा तेही कळेना. कॉइलचे पैसे तर पाण्यातच गेले, जुनी कॉइल ठणठणीत होती.

मग आबा म्हणाले, “अरे, दिवा बंद कर आणि बघ.” इंजिन गरम झाल्यावर गॅरेजमधला दिवा मालवला, उजव्या बाजूचे झाकण काढले आणि किक मारली. पॉइंटमध्ये निळा लखलखाट! प्लगवर मात्र मरतुकडी पिवळट ठिणगी. (प्लग काढून ठिणगी बघताना तो रबरी टोपीत ठेवून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा, हातात धरायचा नाही, आणि उघड्या भोकापासून लांब ठेवायचा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मुलांनी हे एकट्याने मुळीच करू नये.)

लक्षण कंडेन्सरचे होते. पण कंडेन्सर तर नवा! नवा म्हणजे पेटीबंद, पण पेटीच कित्येक वर्षांची. आत कागदाचे थर असतात आणि ते नुसते पडून राहूनही दमट होतात. थंड असताना काम भागते, तापले की वीज गळू लागते. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्ट सोसणारा प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर आणला. ६ व्होल्टच्या गाडीला ६३० कशाला, असे चिरंजीवांनी विचारले. वीज तुटते त्या क्षणी पॉइंटवरही काही शे व्होल्ट उसळतात, म्हणून. जुना सोडवून नवा बसवला. या वेळी बाकी कशालाही हात लावला नाही.

जळलेले पॉइंट बारीक कानशीने साफ केले, फट मोजली. टायमिंगसाठी आबांची सांगलीची युक्ती वापरली: पॉइंटमध्ये पतंगाच्या कागदाची पट्टी धरायची, पिस्टन हळूहळू वर आणायचा आणि पट्टी सुटते तो क्षण पकडायचा. पट्टी धरायचे काम चिरंजीवांचे. “सुटली!” असे ते चार वेळा चुकीच्या जागी ओरडले, पाचव्यांदा बरोबर.

जुलैच्या शेवटच्या रविवारी गाडी चाळीस मिनिटे न थांबता चालली. गॅरेजभर निळा धूर, शेजारी कुंपणावरून डोकावलेले. आबांना गुडघ्यामुळे किक मारता येत नाही. ते खुर्चीत बसून, डोळे मिटून आवाज ऐकत होते. आम्हाला वाटले, आता शाबासकी मिळणार.

“टायमिंग एक केस पुढे आहे,” आबा म्हणाले. “स्क्रूड्रायव्हर दे इकडे.”