फाइल सिस्टिमच्या तपासणीतील त्रुटी आणि ऑपरेटिंग सिस्टिममधील दोष : निदानाचा प्रश्न

बीजसंज्ञा : फाइल सिस्टिम, कर्नल, ब्लॉक लेयर, एफएससीके, चेकडिस्क

प्रास्ताविक

संगणक सुरू होताना फाइल सिस्टिममध्ये त्रुटी असल्याचा संदेश आला की संशय बहुधा हार्ड डिस्कवर घेतला जातो. डिस्क जुनी होणे, केबल सैल होणे, वीज अचानक जाणे या गोष्टी वारंवार घडत असल्याने तो अनाठायीही नसतो. तथापि, डिस्क निर्दोष असून ऑपरेटिंग सिस्टिमच सदोष असल्याची उदाहरणे आहेत. अशा वेळी दुरुस्तीची आज्ञा तत्काळ देणे अपायकारक ठरू शकते. प्रस्तुत लेखात लिनक्सच्या ४.१९ या कर्नलच्या आधारे ही बाब स्पष्ट केली आहे.

लिनक्स ४.१९ मधील दोष

हा कर्नल ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्या काही संगणकांवर त्रुटींचे संदेश येऊ लागले. साहजिकच संशय ईएक्सटी४ वर गेला. तिचे देखभालकर्ते थिओडोर त्सो यांना मात्र तिच्यात कारण सापडेना. दोष एक थर खाली, ब्लॉक लेयरमध्ये होता.

फाइल सिस्टिमची मागणी हा थर डिस्कच्या ड्रायव्हरकडे पोहोचवतो. विशिष्ट मांडणीत ती रांगेत न लावता थेट पाठवली जाई आणि ड्रायव्हर व्यग्र असल्यास परत येई. तोवर स्मृतीतील कोणत्या जागांशी देवाणघेवाण करायची याचा तक्ता तयार झालेला असे. पुढे त्याच मागणीत शेजारच्या ब्लॉकची मागणी विलीन झाली, तरी तक्ता जुनाच राही. ग्रंथालयातील मागणीचिठ्ठीत मागाहून दोन पुस्तके वाढवावीत, शिपायाने जुन्या यादीप्रमाणेच पुस्तके आणावीत आणि नोंद मात्र संपूर्ण चिठ्ठीची व्हावी, तसा हा प्रकार होता. वाचन वा लेखन मूळ भागापुरतेच होई. अनेक रांगांची नवी पद्धत वापरात असून शेड्यूलर नसेल तेव्हाच हे घडे, त्यामुळे सर्वांना ते अनुभवास येत नव्हते. जेन्स ॲक्सबो यांची दुरुस्ती डिसेंबर २०१८ मध्ये ४.१९.८ या आवृत्तीत समाविष्ट झाली.

निदानाची दिशा

एफएससीके हा तपासणी प्रोग्राम डिस्क थेट पाहत नाही. तोही कर्नलमार्फतच वाचतो. वाचनच चुकीचे असेल तर तो सुस्थितीतील नोंदीही बिघडलेल्या मानतो आणि ‘दुरुस्त’ करू लागतो. म्हणून प्रथम त्या डिस्कवरील लेखन थांबवावे आणि शक्य असल्यास संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. त्यानंतर केवळ वाचन करणारी तपासणी करावी. ईएक्सटी४ साठी त्याकरिता ‘एन’ हा पर्याय आहे. फाइल सिस्टिम माउंट केलेली असताना ही तपासणी करू नये, कारण तेव्हा नसलेल्या त्रुटीही दिसतात. लागोपाठच्या दोन तपासण्यांत भिन्न त्रुटी आढळल्यास वाचनाच्या मार्गावर, म्हणजे स्मृती, केबल किंवा कर्नलवर, संशय घ्यावा. तीच डिस्क जुन्या कर्नलवर अथवा लाइव्ह यूएसबीवरून तपासणे ही सर्वांत उपयुक्त कसोटी होय. तेथे त्रुटी नाहीशा झाल्या तर डिस्क बदलण्याचा खर्च करण्याची घाई नको.

विंडोजमध्ये डिसेंबर २०२० च्या एका अद्ययावतीकरणानंतर निराळाच प्रकार घडला. काही संगणकांवर चेकडिस्क हा प्रोग्राम दुरुस्तीच्या ‘एफ’ पर्यायासह चालवल्यावर फाइल सिस्टिमलाच इजा होऊन संगणक सुरू होईना. मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय म्हणजे रिकव्हरी कन्सोलमधून तीच आज्ञा पुन्हा देणे! येथे आज्ञेइतकेच ती कोठून दिली जाते यालाही महत्त्व होते.

कर्नल बदलल्याने पुढील हानी थांबते. आधी चुकीचे लिहिले गेलेले ब्लॉक तसेच राहतात. एफएससीके फाइल सिस्टिमची रचना सुसंगत करते, फाइलमधील मजकूर पडताळत नाही. निकालपत्रके, शोधप्रबंधांची प्रकरणे, प्रयोगांच्या नोंदी यांपैकी ज्या फाइली सदोष कर्नलच्या काळात लिहिल्या गेल्या असतील, त्या अन्यत्र ठेवलेल्या प्रतींशी स्वतंत्रपणे ताडून पाहाव्या लागतात.