लॅपटॉप घेताय? एआरएम आणि इंटेलमधला फरक समजून घ्या



यू-डायस प्लसची माहिती, निकालपत्रकं, दीक्षावरचे व्हिडिओ, ऑनलाइन बैठका... आता शाळेचं निम्मं काम लॅपटॉपवरच होतं. बरेच जण तो पदरच्या पैशानं घेतात. दुकानात आता नवा प्रश्न येतो, "इंटेलचा देऊ की स्नॅपड्रॅगनचा?" चला, हा फरक समजून घेऊ या.

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. त्याला समजणाऱ्या सूचनांची एक ठरलेली भाषा असते. इंटेल आणि एएमडी यांची भाषा 'एक्स८६'. ती १९७८ च्या ८०८६ या चिपपासून चालत आली. दुसरी भाषा 'एआरएम'. तिची पहिली चिप १९८५ मध्ये ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीत तयार झाली. वीज कमी लागते म्हणून ती मोबाइलमध्ये रुजली. अ‍ॅपलनं नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे लॅपटॉप आणले आणि २०२४ मध्ये स्नॅपड्रॅगन एक्सचे विंडोज लॅपटॉप आले. दोन्ही एआरएमचेच.

वेग : ब्राउझर, वर्ड, एक्सेल, व्हिडिओ या रोजच्या कामात दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. इथं रॅम आणि एसएसडी जास्त महत्त्वाचे. ८ ऐवजी १६ जीबी रॅम घेतली तर फायदा लगेच दिसतो.

बॅटरी आणि उष्णता : इथं एआरएम सहसा पुढं असतो. एम१ च्या मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. आपल्या यवतमाळचा उन्हाळा आणि मधूनच जाणारी लाइट पाहता ही मोठी गोष्ट आहे. पण २०२४ पासून इंटेलच्याही काही चिप बॅटरी खूप वाचवतात, म्हणजे नुसत्या नावावर जाऊ नका.

जुनी सॉफ्टवेअर : एक्स८६ साठी लिहिलेलं सॉफ्टवेअर एआरएमवर भाषांतर होऊन चालतं. विंडोजमध्ये हे काम 'प्रिझम' करतं. झरी-जामणीकडच्या पहिलीच्या वर्गात आपण मराठीत सांगतो आणि एखादा पोरगा शेजाऱ्याला कोलामीत समजावतो, तसंच हे. काम होतं, पण थोडा वेळ जास्त लागतो.

ड्रायव्हर : खरी अडचण इथं आहे. प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र यांच्या ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. तो एआरएमसाठीच बनलेला लागतो. शाळेतला जुना प्रिंटर नव्या लॅपटॉपवर मुकाट बसून राहू शकतो.

मराठी टायपिंगचं काय? विंडोजमधला युनिकोड इनस्क्रिप्ट कीबोर्ड दोन्हींवर सारखाच चालतो. जुन्या फॉन्टसाठी वेगळं टायपिंग सॉफ्टवेअर वापरत असाल, तर ते आधी तपासा.

पैसे देण्याआधी एवढं करा :

१. रोज लागणारी सॉफ्टवेअर आणि यंत्रं कागदावर लिहून काढा.
२. प्रत्येक यंत्राच्या कंपनीच्या संकेतस्थळावर एआरएमचा ड्रायव्हर आहे का ते पाहा.
३. दुकानातल्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं जा. 'सिस्टिम टाइप'पुढं एक्स६४ आहे की एआरएम, ते दिसतं.

सगळं काम ब्राउझर आणि ऑफिसमध्येच होत असेल, तर एआरएम बिनधास्त घ्या. जुनी यंत्रं जोडायची असतील, तर सध्या इंटेल किंवा एएमडीच बरा.