मंगळाची वाट लोणारवरून

वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, भगवान पार्श्वनाथ आणि बाहुबली यांच्या मूर्ती ज्या काळ्या पाषाणात कोरल्या आहेत, तो बेसाल्ट होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर साचून दख्खनचे पठार घडले, त्याचाच हा खडक. मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी याच जातीच्या खडकाचा आहे. तेथे लोहाला गंज चढून धूळ झाली, म्हणून तो ग्रह तांबडा दिसतो.

नवग्रह-विधानात मंगळाची सांगड बाराव्या तीर्थंकर वासुपूज्य भगवंतांशी घातली जाते. पत्रिकेतला मंगळ मात्र विवाह जुळविणाऱ्या घरांना अजूनही धास्ती घालतो. त्याच मंगळाच्या कक्षेत भारताचे मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी पहिल्याच प्रयत्नात पोहोचले. खर्च ४५० कोटी रुपये, प्रवास सुमारे ६५ कोटी किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला सात रुपये. एवढ्या दरात शहरात रिक्षाही मिळत नाही!

माणूस पाठविण्याचा हिशेब मात्र निराळा. यंत्राला परतीचे भाडे लागत नाही. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची स्थिती सुमारे २६ महिन्यांनी येते. त्यामुळे जाऊन-येऊन अडीच-तीन वर्षे लागतील. तितक्या काळाचे पाणी सोबत नेणे अशक्यप्राय, म्हणून तेथील विवरांकडे अभ्यासकांचे लक्ष. नासाची पर्सिव्हरन्स गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरली ती जेझेरो विवरात, जेथे एके काळी सरोवर होते.

उल्काघाताने बेसाल्टमध्ये पडलेले विवर आणि त्यात साचलेले सरोवर पाहावयाचे असेल, तर छत्रपती संभाजीनगरहून जालन्यामार्गे सुमारे दीडशे किलोमीटर गेले की पुरे. लोणारचे विवर सुमारे १८०० मीटर रुंद आहे. भोवती सारा लाव्हाचाच खडक असल्याने ते ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज दीर्घकाळ होता. १९७३ साली तेथील खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध झाले आणि उल्काघाताचा निर्वाळा मिळाला. प्रचंड आघाताने खनिजाची काच होते, तेच मॅस्केलिनाइट. ही काच १८७२ साली प्रथम ओळखली गेली ती बिहारमधील शेरघाटी येथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी पडलेल्या उल्केत. आणि ती उल्का मंगळावरून आलेली होती, हे शतकभरानंतर उमगले. माणूस मंगळावर जाण्याआधी मंगळच आपल्या दारी येऊन गेला, तो असा.

२०२० साली लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु गावातील सांडपाणी आणि वेडी बाभूळ यांचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. त्या पाण्यातील क्षारांचे गणित एकदा बिघडले, तर अभ्यासासाठी दुसरे लोणार देशात नाही. कचनेर-वेरूळची यात्रा करणाऱ्या कुटुंबांनी एक दिवस त्याकरिता अवश्य राखून ठेवावा. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे. विवरात उतरावयाचे असल्यास सकाळी लवकर निघावे, परतीची चढण उन्हात दमविते.